कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांच्या आणि सभा जिंकणाऱ्या वक्त्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या ऐकाव्यातच. परंतु काही पुरुष असे असतात की, त्यांचे रणांगण म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातील एक मेज, त्यांचे शस्त्र म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र आणि त्यांचा शत्रू नुसत्या डोळ्यांस न दिसणारा असतो. त्यांच्या विजयाची मिरवणूक निघत नाही. मात्र ज्या घरातील मुलाचा हात वाकडा होता होता वाचला, त्या घरावर त्यांचे ऋण असतेच, मग ते त्या घरास ठाऊक असो वा नसो. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे अशांपैकी एक होत. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. तथापि आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकले असेल, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चुलीवरच्या तव्यास चुकून बोट लागले, तर आपण हात झटकन मागे घेतो. वेदना आपणांस नकोशी वाटते, पण तीच आपल्या देहाची राखणदार आहे. आता असा मनुष्य डोळ्यांपुढे आणा की, ज्याच्या हातास तवा तापला आहे हे कळतच नाही. त्याचा हात भाजतो, जखम चिघळते, तरी तो काम करीतच राहतो, कारण त्याला थांब म्हणणारे कोणी उरलेले नाही. कुष्ठरोगात, ज्यास जुने लोक महारोग म्हणत, नेमके हेच घडते. बोटे रोगाने झडून पडतात अशी लोकांची समजूत आहे. परंतु वस्तुतः बोटांस जी हानी पोहोचते ती मुख्यत्वे बधिरपणामुळे होणाऱ्या जखमांची व त्या जखमांतून शिरणाऱ्या दूषित जंतूंची करणी असते. मूळ दुखणे आहे ते मज्जातंतूंचे. ही गोष्ट प्रयोगशाळेत बारकाईने पाहून सिद्ध करणाऱ्यांमध्ये डॉ. खानोलकरांचे स्थान फार वरचे आहे.

वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी घराण्यात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण घेण्याकरिता ते विलायतेस गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीराच्या घटकांत कोणते फेरफार होतात हे पाहणारे शास्त्र. त्या काळी विलायतेहून वैद्यकाची मोठी पदवी घेऊन येणाऱ्या तरुणापुढे सुखाचा मार्ग उघडा होता. मुंबईस एखाद्या चांगल्या वस्तीत दवाखाना थाटावा, धनिकांच्या नाड्या पाहाव्यात, मोटार ठेवावी आणि मानाने राहावे. वसंतरावांनी तो मार्ग धरला नाही. ज्या शास्त्रात रोगी समोर येऊन कृतज्ञतेने हात जोडीत नाही, ते शास्त्र त्यांनी पत्करले आणि शिकविण्याचा व शोधण्याचा पेशा स्वीकारला.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व त्यानंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या दुसऱ्या कॉलेजाची कथा विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घेण्याजोगी आहे. सरकारी नोकरीत नसलेल्या सुयोग्य भारतीयांनीच तेथे अध्यापन करावे, अशी अट देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातली होती. परकीय सत्तेच्या त्या काळात मोठी वैद्यकीय पदे बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत आणि संशोधन हे हिंदी माणसाचे काम नव्हे, असे पुष्कळांस वाटे. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय व हे कॉलेज सुरू झाले, तेव्हा तेथील अध्यापकांवर केवळ मुले शिकविण्याचा भार नव्हता. आपणही हे करू शकतो हे दाखवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. वसंतरावांनी ती जबाबदारी आयुष्यभर वाहिली.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडण्यात आले. कर्करोगाकरिता उभारलेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा वसंतरावांकडे आली. आजाऱ्याच्या शरीरातून काढलेला मांसाचा लहानसा तुकडा मेणात घट्ट बसवावा, त्याचे केसाहूनही बारीक पापुद्रे काढावेत, ते काचपट्टीवर ठेवून रंगवावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास न्याहाळावेत, असे या शास्त्रज्ञाचे नित्यकर्म असते. वसंतराव मात्र काचपट्टीवर थांबले नाहीत. हा तुकडा ज्या माणसाचा, तो माणूस राहतो कोठे, नेसतो काय, ओढतो काय, चघळतो काय, असेही प्रश्न त्यांनी विचारले. १९४५ साली त्यांनी एका सहकारिणीसह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात आपल्या देशातील तीन चालीरीतींशी निगडित असलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन आहे. धोतर कमरेस वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने तेथील कातडीस होणारा कर्करोग हा एक. चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची चाल आंध्रच्या किनारपट्टीत आहे, तीमुळे टाळूस होणारा कर्करोग हा दुसरा. आणि तंबाखू व चुना मळून केलेली खैनी ओठाच्या आत धरून ठेवल्याने होणारा कर्करोग हा तिसरा. रोग हा केवळ नशिबाचा फेरा नसून आपल्या सवयींशी त्याचा संबंध असतो आणि सवय सुटली तर रोगही टळू शकतो, हा धडा त्या निबंधात आहे. तंबाखूची पुडी आजही शाळेच्या फाटकापासून दूर नाही. म्हणून या धड्यास अद्याप जुनेपणा आलेला नाही.

आता आपण त्यांच्या कुष्ठरोगविषयक कार्याकडे येऊ. विदर्भातील वाचकांस हा विषय परका नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेस आरंभ केला. सेवाग्रामच्या आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित पंडितांची शुश्रूषा स्वहस्ते केली. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले आणि वरोऱ्यास बाबा आमट्यांनी आनंदवन वसविले. अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे. ज्यांस समाजाने गावकुसाबाहेर घातले, त्यांस जवळ करणारी ही सारी माणसे हृदयाने थोर होती. परंतु शुश्रूषा करणारा हात कितीही प्रेमळ असला, तरी रोग शरीरात नेमका कोठे घर करतो हे कळल्याविना तो मुळापासून उपटता येत नाही. त्याकरिता दुसऱ्या प्रकारच्या माणसांची गरज असते.

अशा माणसांची परंपरा मुंबईत पूर्वीपासून होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील कुष्ठरोगाचा कसून अभ्यास केला होता. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातील चित्रे काढणारे तेच हे कार्टर. काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते आणि कुष्ठरोगाचा अभ्यास करण्याकरिता ते नॉर्वे देशासही जाऊन आले. त्याच नॉर्वेतील बर्गेन शहरी १८७३ साली डॉ. आर्माउअर हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, की वंशपरंपरेने उतरणारा शापही नव्हे, तर एका जंतूची बाधा आहे, हे त्या दिवसापासून स्पष्ट होऊ लागले. तथापि हा जंतू मोठा विलक्षण निघाला. दुसरे कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यास दुप्पट होण्यास सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. शरीरात शिरल्यापासून रोगाची खूण दिसेपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. काचेच्या नळीत तो आजतागायत कोणासही वाढविता आलेला नाही. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, मज्जातंतूंत शिरून तेथे बिऱ्हाड करणारा असा जंतू दुसरा नाही.

मज्जातंतूंची रचना येथे थोडी समजून घेतली पाहिजे. मेंदू व पाठीचा कणा यांतून निघून बोटांच्या टोकांपर्यंत जाणारे हे तंतू म्हणजे शरीरातील तारायंत्र होय. परंतु तारेस जसे खांब, वेष्टन आणि देखरेख करणारा लाइनमन लागतो, तसेच या तंतूंसही सोबती लागतात. या सोबत्यांस ग्लायल पेशी अशी संज्ञा आहे. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे सरस. जर्मन पंडित रूडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५६ साली हे नाव दिले, कारण मज्जापेशींना चिकटवून धरणारा हा नुसता सरस आहे अशी त्या वेळची कल्पना होती. योगायोग असा की, हेच व्हिर्शो १८५९ साली कुष्ठरोगाच्या अभ्यासाकरिता नॉर्वेस गेले होते. हातापायांतील मज्जातंतूंस लपेटून असणाऱ्या ग्लायल पेशींस थेओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावावरून श्वान पेशी म्हणतात. प्राणिमात्राचे शरीर पेशींचे बनलेले आहे हा सिद्धांत १८३९ साली मांडणारे तेच हे श्वान. या पेशी तंतूभोवती मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याची वळकटी गुंडाळतात, त्यामुळे संदेश वेगाने धावतो. त्या तंतूचे पोषण करतात आणि तंतू तुटला तर त्यास पुन्हा वाढण्याकरिता वाट आखून देतात. थोडक्यात, राजाचे वैभव जसे त्याच्या सेवकांवर अवलंबून, तसे मज्जातंतूचे आरोग्य या सोबत्यांवर अवलंबून असते.

वसंतरावांनी कुष्ठरोगाचा प्रश्न हाती घेतला तेव्हा जुनाट, हातपाय वाकडे झालेल्या रुग्णांचे वर्णन पुष्कळ झाले होते. त्यांनी उलट बाजूने आरंभ केला. ज्यांच्या अंगावर नुकताच एखादा फिकट चट्टा उठला आहे आणि ज्यांस स्वतःलाही आपण आजारी आहोत असे वाटत नाही, अशांच्या कातडीचे बारीक तुकडे त्यांनी तपासले. आग विझल्यावर राख पाहून ती कोठे लागली हे सांगणे कठीण. पहिली ठिणगी पडते तेथेच पाहिले पाहिजे, असा हा विचार होता. एका तुकड्याचे एकामागून एक असे अनेक पापुद्रे काढून, त्यांतील सुतासारखे बारीक मज्जातंतू वेगळे दिसतील अशा रीतीने ते रंगवून पाहणे हे मोठ्या चिकाटीचे काम होते. जंतू संख्येने थोडे, तंतू त्याहून बारीक आणि पाहणाऱ्याचे डोळे दोनच. कातडीचा बाकीचा भाग जवळजवळ निरोगी दिसत असतानाच तिच्यातील इवल्या मज्जातंतूंत जंतू येऊन बसलेले असतात, असे त्यांना आढळून आले. पुढे हा रोग कोणतेही रूप घेवो, त्याचा आरंभ मज्जातंतूंपासून होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या खुणांविषयीचा त्यांचा हा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ साली प्रसिद्ध केला. डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी संपादित केलेल्या कुष्ठरोगावरील जगप्रसिद्ध ग्रंथातही या विषयावर वसंतरावांचे लेखन घेण्यात आले.

येथे एक गोष्ट प्रांजलपणे सांगितली पाहिजे, कारण थोर पुरुषांचे चरित्र म्हणजे केवळ स्तुतिपाठ नव्हे. जंतू कातडीतील तंतूच्या उघड्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या गाभ्यातूनच वर वर चढत जातो, असे वसंतरावांचे मत होते. साध्या सूक्ष्मदर्शकाची शक्ती मर्यादित असते. तंतूचा गाभा कोठे संपला आणि त्याभोवतीची श्वान पेशी कोठे सुरू झाली, हे त्यातून स्पष्ट दिसत नाही. १९६० च्या सुमारास विद्युत्कणांच्या साहाय्याने पाहणारे, कित्येक हजार पटींनी मोठे दाखविणारे सूक्ष्मदर्शक यंत्र या कामी लावले गेले, तेव्हा जंतूंचे मुख्य बिऱ्हाड तंतूच्या गाभ्यात नसून श्वान पेशीत आहे, असे दिसून आले. मुंबईतच डॉ. दाराब दस्तूर यांनी कुष्ठरोगातील मज्जातंतूंचा हा अभ्यास पुढे अनेक वर्षे चालविला. मग वसंतराव चुकले असे म्हणावयाचे काय? चोर कोणत्या वाड्यात शिरला हे त्यांनी अचूक सांगितले. तो दिवाणखान्यात नसून माजघरात आहे, एवढे पुढच्यांनी सांगितले. वाडाच सापडला नसता, तर माजघर कोण शोधणार होते? शास्त्रात एकाने पायरी बांधावी आणि दुसऱ्याने तीवर उभे राहून ती थोडी सरळ करावी, असेच चालते. आपले मत दुरुस्त होण्याची भीती बाळगणारा मनुष्य शास्त्रज्ञ होऊ शकत नाही.

श्वान पेशीचीच निवड हा जंतू का करतो, याचा उलगडा त्यांच्या पश्चात झाला. १९९७ व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, श्वान पेशीभोवतीच्या आवरणात लॅमिनिन नावाचे एक प्रथिन असते आणि त्याचा एक विशिष्ट प्रकार मज्जातंतूंच्या ठायी आढळतो. जंतू त्यास कुलपात किल्ली बसावी तसा चिकटतो व त्या वाटेने पेशीत प्रवेश मिळवितो. २००२ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. जंतू नुसता चिकटल्यानेही तंतूवरील मायलिनचे वेष्टन सुटू लागते. त्यातच शरीराचे रक्षक सैन्य शत्रूवर चाल करून येते, तेव्हा मज्जातंतू सुजतो. आणि अरुंद बोळात मारामारी व्हावी तशी तेथील घरादारांचीच अधिक नासधूस होते. कोपराच्या आतील बाजूस जी शीर आपटली असता हातभर झिणझिण्या येतात, ती या रोगात जाड व दुखरी होते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊन वाकू लागते ते यामुळेच.

हे ज्ञान केवळ पुस्तकात राहिले असते तर त्याचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. उपचारांवर त्याचा काय परिणाम झाला ते पाहा. पूर्वी चालमोगऱ्याच्या तेलाशिवाय वैद्यापाशी फारसे काही नसे. १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे आली आणि त्यांतील डॅप्सोन हे औषध स्वस्त असल्याने खेड्यापाड्यांत पोहोचले. पुढे एकट्या डॅप्सोनास जंतू जुमानीनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन अशा औषधांचा एकत्रित उपचार सुचविला. तो भारतात ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा होता. सौम्य रोगास सहा महिने आणि जंतू अधिक असल्यास बारा महिने औषध घेतले की जंतू मरतो. हे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. परंतु जंतू मेला म्हणून मेलेला तंतू जिवंत होत नाही. म्हणून तंतू सुजल्याचे दिसताच प्रेडनिसोलोनसारखे सूज उतरविणारे औषध वैद्याच्या देखरेखीखाली वेळेवर द्यावे लागते. पहिल्या सहा महिन्यांत ते मिळाले तर गेलेली संवेदना पुष्कळदा परत येते. त्यानंतर आशा कमी होत जाते. बधिर झालेला हात जपावा कसा आणि वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करावीत कशी, हे वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले. रोगाचा आरंभ मज्जातंतूत आहे हे एकदा कळल्यावर वैद्याची नजर चट्ट्यावरून शिरेकडे वळली, आणि या सर्व उपचारांच्या मुळाशी ते नजरेचे वळण आहे.

मेंदूतील ग्लायल पेशींचा इतिहासही असाच आहे. त्यांस फार दिवस कोणी विचारीत नसे. १९१९ साली स्पेन देशातील पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात हे दाखविले. या पेशी झाडूवाल्याचे व पहारेकऱ्याचे असे दुहेरी काम करतात. वृद्धांची स्मृती हरण करणारा जो रोग डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णन केला, त्यात मेंदूत साचलेला निरुपयोगी प्रथिनांचा कचरा या पेशी उचलू पाहतात. पण वर्षानुवर्षे चवताळून राहिल्या तर त्याच आजूबाजूच्या निरोगी पेशींसही इजा करतात. ट्रेम-२ नावाचे जनुक या पेशींच्या कामाशी निगडित आहे, आणि त्यातील विशिष्ट दोषामुळे अल्झायमर रोगाचा धोका वाढतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. यामुळे मज्जापेशींस वाचवावयाचे तर त्यांच्या सोबत्यांस सावरले पाहिजे, या दिशेने आता जगभर औषधांचा शोध चालू आहे. ज्या घरात आजोबा नातवाचे नाव विसरू लागले आहेत, त्या घरास या शोधाची किती निकड आहे हे सांगावयास नको. मुंबईतील कुष्ठरोगाच्या काचपट्ट्या आणि विलायतेतील स्मृतिभ्रंशाच्या काचपट्ट्या एकच गोष्ट सांगतात की, ज्यास आपण किरकोळ मानून दुर्लक्ष केले, तेच पुष्कळदा मर्मस्थान असते.

वसंतरावांचे कार्य येथेच संपत नाही. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याची उभारणी त्यांनी केली व ते त्याचे संचालक झाले. तेथे त्यांनी तरुण मंडळी गोळा केली व त्यांस वाढविले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच हाताखाली संशोधन करून पुढे नावारूपास आल्या. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा या बाईंनी त्या केंद्रात उभारली. स्त्रियांनी प्रयोगशाळेत काम करणे ज्या काळी नवलाचे होते, त्या काळी त्यांस तेथे समान वाव मिळाला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावी. याच केंद्रात १९५८ साली कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू काचेच्या नळीत वाढविण्यात आला. तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नसून त्याचा भाऊबंद आहे असे पुढे ठरले. तरीही त्यापासून कुष्ठरोगावर एक लस तयार करण्यात आली आणि महाराष्ट्रात तिची चाचणीही झाली. अपेक्षिलेले फळ हाती आले नाही, म्हणून झाड तोडावयाचे नसते, हे यावरून दिसते.

देशानेही त्यांच्या विद्वत्तेची कदर केली. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. अणुशक्तीच्या किरणांचे मानवी शरीरावर होणारे परिणाम तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यानंतर भारत सरकारने त्यांस वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. पद्मभूषण हा किताबही त्यांस मिळाला. शंभराहून अधिक शोधनिबंध त्यांनी लिहिले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राची जी मोठी संशोधनसंस्था आहे, तेथील एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव देऊन त्यांची स्मृती जतन करण्यात आली आहे.

त्यांच्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? अंगी बाणवण्याजोगा त्यांचा पहिला गुण म्हणजे आरंभाकडे पाहण्याची सवय. रोग बळावल्यावर धावपळ करणारे पुष्कळ. तो उगवतानाच हेरणारा विरळा. दुसरा गुण म्हणजे माणसाकडे आणि काचपट्टीकडे सारख्याच आस्थेने पाहणे. आणि तिसरा म्हणजे, ज्या रोगाचे नाव घेण्यासही लोक कचरत, त्या रोगाचा अभ्यास ही आपल्या विद्वत्तेस शोभणारी गोष्ट आहे असे मानणे. आपल्या देशाने कुष्ठरुग्णांशी सदैव न्यायाने वर्तन केले, असे म्हणता येत नाही. १८९८ सालच्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णास पकडून डांबता येत असे. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. जोडीदारास कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची मुभा तर २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. रोग बरा होऊ लागल्यावर कित्येक वर्षांनी कायदा सुधारला. आणि माणसांची मने अद्याप पुरती सुधारली आहेत असे म्हणवत नाही.

२००५ साल संपता संपता आपल्या देशातील कुष्ठरुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांस एकाहून खाली आले. ही आनंदाची गोष्ट खरी. पण रोग नाहीसा झाला असा तिचा अर्थ नव्हे. पूर्व विदर्भात आजही नवे रुग्ण सापडतात व त्यांत मुलेही असतात. आमच्या नंदनवनापासून सरकारी मेडिकल कॉलेज फारसे दूर नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत व जवळच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी करून घेण्यास कोणासही अडचण पडू नये. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या अथवा तुमच्या भावंडाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस असा एखादा चट्टा असेल, तेथे घाम येत नसेल, किंवा कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला असता तो कळत नसेल, तर तो लपवू नका. तो दुखत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण न दुखणे हीच त्याची खूण आहे. आणि पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, लोक काय म्हणतील या भीतीने मुलास घरात दडवून ठेवू नये. सहा महिन्यांचा संकोच मुलाच्या हाताची आयुष्यभराची शक्ती घेऊन जातो. वेळीच दवाखान्यात नेलेले मूल शाळेत येऊ शकते, खेळू शकते, इतर मुलांच्या शेजारी बसू शकते. आणि त्याच्या शेजारी बसण्यास आपण कोणी मागे सरू नये.

वसंतरावांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले ते आपणांपैकी बहुतेकांस कधी पाहावयास मिळणार नाही. परंतु त्यांनी पाहिल्यामुळे जे कळले त्याप्रमाणे वागणे प्रत्येकाच्या हाती आहे. त्यांच्या स्मृतीस आमचे सादर वंदन असो.